टाळूतली किल्ली

माझ्या लेकीच्या टाळूत मी चौदा दिवस, रोज दोनदा, किल्ली फिरवली. एकूण अठ्ठावीस वेळा. ती नऊ वर्षांची असताना तिचा वरचा जबडा खालच्यापेक्षा अरुंद असल्याचं लक्षात आलं. डॉक्टरबाईंनी एक्सपांडर, म्हणजे जबडा रुंद करणारं साधन, बसवला आणि प्लास्टिकची मूठ असलेली एक वाकडी तार माझ्या हातावर ठेवली. सकाळी एक पाव फेरा, संध्याकाळी एक पाव फेरा, एवढंच काम. कसं फिरवायचं ते त्यांनी दोनदा दाखवलं आणि एकदा माझ्याकडून करून घेतलं. पण दवाखान्यात खुर्ची मागे कलते, वर मोठा दिवा असतो, शेजारी मदतनीस उभी असते. घरी एक घाबरलेलं मूल आणि त्याहून घाबरलेली आई. हे काम कठीण नाही, पण ते पूर्ण करावं लागतं आणि ते मुलाच्या साथीनं करावं लागतं, हे मला चौथ्या दिवशी चूक झाल्यावर समजलं. उद्या ज्यांच्या हातात अशी किल्ली येणार आहे त्या आईबाबांसाठी मी सगळं क्रमानं लिहिते आहे. किती दिवस आणि किती फेरे हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळा. इथले आकडे आमच्या लेकीचे आहेत.

टाळू नेमकी कशी रुंद होते

घरात तान्हं बाळ असलं की आजी त्याच्या टाळूवर तेल थापते. डोक्यावरच्या त्या मऊ जागी कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. तोंडाच्या छतालाही आपण टाळूच म्हणतो, आणि तिथेही मधोमध एक सांधा असतो. जिभेचं टोक पुढच्या दातांमागून घशाकडे सरळ नेलं तर मध्ये एक बारीक रेघ लागते. त्या रेघेच्या वर, हाडात, हा सांधा आहे. वरचा जबडा एकसंध वाटतो, पण ती डाव्या-उजव्या बाजूची दोन हाडं आहेत. लहानपणी या सांध्यात तंतुमय ऊती असतात. वय वाढतं तशी दोन्हीकडची हाडं एकमेकांत दात घातल्यासारखी गुंतत जातात आणि तारुण्य आल्यावर हळूहळू सांधून जातात. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. म्हणून हा उपचार मुलं मोठी व्हायच्या आत करायचा असतो. मोठ्या माणसांत टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून त्यांच्या आधारानं किंवा शस्त्रक्रियेची जोड देऊन हेच करावं लागतं.

जबडा अरुंद आहे हे ओळखायचं कसं? मुलाला दाढा मिटायला सांगा आणि गाल बोटानं बाजूला करून बघा. डब्याचं झाकण डब्यावर बाहेरून बसतं, तशा वरच्या दाढा खालच्या दाढांवर किंचित बाहेरून बसायला हव्यात. आमच्या लेकीचं उजव्या बाजूचं झाकण डब्याच्या आत पडत होतं. याला डॉक्टर क्रॉसबाइट म्हणतात. दाढा नीट बसाव्यात म्हणून ती चावताना हनुवटी उजवीकडे सरकवायची. आम्हाला वाटायचं, तिची ती लकब आहे. फोटोत तोंड वाकडं दिसतं म्हणून मी तिला कितीदा टोकलं होतं. मुलाला अशा गोष्टीवरून बोलण्याआधी एकदा दाढा बघा.

स्क्रूनं टाळू रुंद करायची कल्पना फार जुनी आहे. 1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन अँजेल यांनी साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या दातांमध्ये स्क्रू बसवला आणि दोन आठवड्यांत तिचा जबडा पाव इंच रुंद झाल्याचं लिहिलं. पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली, म्हणजे हाडंच दूर झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळच्या अनेक दंतवैद्यांना ते पटलं नाही. एक्स-रेचा शोध 1895 चा, त्यामुळे अँजेल यांच्याकडे पुरावा म्हणून ती फटच होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, 1961 च्या सुमारास, अँड्र्यू हास या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टनी आधी डुकरांवर आणि मग मुलांवर अभ्यास करून ही पद्धत पुन्हा उभी केली. पुढच्या दातांमधली ती फट तुमच्या घरातही पडणार आहे, म्हणून आतापासून लक्षात ठेवा.

साधनं तीन-चार प्रकारची असतात. काढता-घालता येणारी स्क्रूची प्लेट असते. ती हळू काम करते आणि तिच्यानं हाडापेक्षा दातच जास्त हलतात. चार वेटोळ्यांची क्वाड हेलिक्स नावाची तार असते. तिला किल्ली नसते, ती डॉक्टरच दाबून-उघडून बसवतात. हास यांच्या साधनात टाळूला टेकणारे प्लास्टिकचे दोन तुकडे असतात. आणि हायरॅक्स सगळं धातूचं असतं, टाळूपासून थोडं दूर उभं राहतं, त्यामुळे धुवायला सोपं. हायरॅक्स हे नावच मुळी स्वच्छतेवरून पडलं आहे. आमच्याकडे हायरॅक्स होता. पुढची कृती टाळूत स्क्रू असलेल्या, पक्क्या बसवलेल्या साधनाची आहे.

बसवण्याआधीचा आठवडा

एक्सपांडरच्या पट्ट्या सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढांभोवती बसतात. दाढा एकमेकींना चिकटून असल्यानं तिथे जागा करावी लागते. त्यासाठी डॉक्टर दाढांच्या फटींत रबराची छोटी कडी घालतात. त्या साताठ दिवसांत दात शिवशिवतात, चावताना दुखतं, आणि मुलाची जीभ सारखी तिकडेच जाते. कडं टूथपिकनं उकरू देऊ नका, चिकट खायला देऊ नका. एखादं कडं निघून गिळलं गेलं तर घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना कळवा. ती जागा पुन्हा मिटली तर पट्टी बसत नाही आणि दवाखान्याची फेरी वाया जाते.

याच आठवड्यात दातांचं माप घेतात. ओल्या पिठासारखा एक पदार्थ तोंडात भरून साचा काढतात, काही ठिकाणी छोट्या कॅमेऱ्यानं. साच्याच्या वेळी मळमळतं. मान थोडी पुढे वाकवून नाकानं श्वास घ्यायचा, आणि पायाची बोटं हलवत राहायची. लक्ष पायाकडे गेलं की मळमळ कमी होते.

बसवायच्या दिवशी घरून पोटभर खाऊन निघा. पट्ट्या सिमेंटनं चिकटवतात, दुखत नाही. पण नंतरचे दोन दिवस अवघड असतात. तोंडात एवढी मोठी वस्तू आली की लाळ सुटते, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं. माझ्या लेकीनं पहिल्या रात्री तीनदा उशी बदलली. दोन दिवसांत जीभ वाट शोधते. तेवढे दोन दिवस शाळेची सुट्टी काढता आली तर काढा.

साहित्य

किल्ल्या दोन मागून घ्या. एक वापरायची, दुसरी कपाटात. आम्ही पहिली किल्ली गावी विसरलो, तेव्हा दुसरीनं दिवस वाचवला. सुमारे एक फूट डेंटल फ्लॉस किंवा जाड दोरा. डोक्याला बांधायचा टॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बाबांनी मोबाईलचा दिवा धरला की त्यांचीच सावली मध्ये येते, हे आमचा पहिला दिवस शिकवून गेला. छोटा हातआरसा. बाटली धुवायच्या ब्रशसारखा, पण दातांच्या फटीत जाईल इतका बारीक ब्रश. औषधाच्या दुकानातली वीस मिलीची सिरिंज, सुई नको. आणि शाळेच्या वहीतला एक कागद, फ्रिजला चिकटवायला.

त्या कागदाला कमी लेखू नका. त्यावर तारीख, सकाळ, संध्याकाळ असे तीन उभे रकाने आखा. प्रत्येक फेऱ्यानंतर मुलानं स्वतः खूण करायची. आमच्याकडे लेकीनं खुणेऐवजी प्रत्येक घरात एकेक पाकळी काढली, शेवटी अठ्ठावीस पाकळ्यांची फुलं झाली. कागद नसेल तर तिसऱ्या दिवसापासूनच आई आणि बाबा "आज सकाळी झालं होतं का?" असं एकमेकांना विचारायला लागतात. मग एखादा फेरा चुकतो, नाहीतर दोनदा होतो.

कृती

वेळ ठरवून घ्या. फेऱ्यानंतर थोडा वेळ टाळू दाबल्यासारखी वाटते, चावायला नको होतं. म्हणून आम्ही सकाळी नाश्ता आणि दात घासणं झाल्यावर, शाळेला निघायच्या आधी, आणि रात्री जेवण झाल्यावर फेरा द्यायचो. दोन फेऱ्यांत बारा तासांच्या आसपास अंतर राहील असं बघा.

किल्लीच्या मुठीला भोक असतं, त्यात फ्लॉस ओवून पक्की गाठ मारा. भोक नसेल तर मुठीभोवतीच दोन वेढे देऊन गाठ मारा. दुसरं टोक तुमच्या मनगटाला गुंडाळा. मुलाचं डोकं मागे असताना किल्ली निसटली तर घशात जाऊ शकते, म्हणून एकही दिवस दोऱ्याशिवाय करू नका. अठ्ठाविसाव्या फेऱ्यालासुद्धा.

मुलाला पलंगावर आडवं करा. उशी डोक्याखाली नको, खांद्यांखाली, म्हणजे मान मागे कलते आणि टाळू उजेडात येते. तुम्ही त्याच्या डोक्यामागे बसा किंवा शेजारी उभे राहा, जिथून स्क्रू सरळ दिसेल तिथून. "आ" करायला सांगू नका. "आ" करताना जीभ वर येते. नुसतं तोंड उघडून नाकानं श्वास घ्यायला सांगा.

आता स्क्रू बघा. टाळूच्या मधोमध, आडवा, छोट्या नळीसारखा. त्याला चार भोकं असतात, पण एका वेळी तुम्हाला एकच दिसतं, पुढच्या दातांच्या बाजूचं. शेजारी कोरलेला बाण असतो. बहुतेक स्क्रूंचा बाण पुढून मागे, म्हणजे दातांकडून घशाकडे असतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर तो स्वतः बघून घ्या, फोटो काढून ठेवा.

किल्लीचं टोक पुढच्या भोकात घाला. ते आत नीट बसलं की किल्ली हलत नाही, हाताला लगेच कळतं. मग मूठ हळूहळू, न थांबता, घशाच्या दिशेनं ढकला. झटका द्यायचा नाही. मूठ मागे जाऊन अडेल आणि तेव्हाच समोर नवं भोक दिसू लागेल. पूर्ण दिसलं पाहिजे, अर्धं नाही. पुढचं भोक पूर्ण दिसलं म्हणजे एक पाव फेरा पूर्ण झाला. आमच्या स्क्रूत एका पाव फेऱ्यात जबडा 0.25 मिलिमीटर उघडायचा. दिवसाला अर्धा मिलिमीटर, चौदा दिवसांत सात. काही स्क्रू 0.2 मिलिमीटरचे असतात, म्हणून तुमचा कोणता ते विचारा.

यानंतरची हालचाल सगळ्यात नाजूक. किल्ली बाहेर काढताना हात आपोआप आपल्याकडे, म्हणजे पुढे ओढला जातो. तसं केलं की भोकात अडकलेली तार स्क्रूला उलटं फिरवते आणि दिलेला फेरा परत जातो. म्हणून किल्ली आधी खाली, जिभेकडे, आणि मागे दाबत भोकातून मोकळी करा, आणि मगच तोंडाबाहेर आणा. लेकीला मी सांगून ठेवलं होतं की या क्षणी जीभ खाली चिकटवून ठेवायची, म्हणजे मला जागा मिळते. किल्ली बाहेर आल्यावर पुन्हा एकदा दिवा मारून बघा. भोक पूर्ण दिसतंय ना? मग मुलाला उठवून बसवा, आरसा द्या, आणि कागदावर पाकळी काढू द्या.

चौथ्या दिवशी रात्री मी घाई केली. बाहेर पाहुणे होते. किल्ली ओढून काढली, बघितलं नाही. सकाळी भोक अर्धवट आत गेलेलं, किल्ली कुठूनच शिरेना. मी तिथे वीस मिनिटं टोचत राहिले, ती रडायला लागली, हिरडीतून थेंबभर रक्त आलं. तिथेच थांबायला हवं होतं. डॉक्टरबाईंनी बारीक सळईनं अर्ध्या मिनिटात स्क्रू जागेवर आणला. तुमच्याकडे असं झालं तर दोनदा प्रयत्न करा, नाही जमलं तर किल्ली खाली ठेवा आणि फोन करा. एक दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही.

फेऱ्यानंतर काय वाटतं

मुलाला आधीच सांगून ठेवलं तर भीती निम्मी होते. टाळूवर आणि दाढांवर दाब वाटतो. नाकाच्या मुळाशी, कधी डोळ्यांच्या मध्ये मुंग्या येतात. कधी शिंक येते. माझी लेक म्हणायची, नाकात सोडा गेल्यासारखं वाटतं. हे काही मिनिटांत ओसरतं. पहिले तीन-चार दिवस दाढा दुखऱ्या राहिल्या तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत वेदनाशामक द्या, मनानं नाही.

हे मात्र चालू देऊ नका: वाढत जाणारं, तासभर टिकणारं तीव्र दुखणं, साधनाची तार टाळूत रुतत चालली आहे अशी सूज, पट्टी सैल होऊन दाढेवर डुगडुगणं. पट्टी सैल असताना फेरा दिला तर सगळा जोर एकाच बाजूला जातो. अशा वेळी किल्ली बंद, आणि डॉक्टरांकडे.

फेरा विसरला तर दुसऱ्या दिवशी दोन एकत्र देऊन भरपाई करू नका. राहिलेला फेरा शेवटी एक जादा दिवस म्हणून जोडायचा.

फट

सातव्या दिवशी सकाळी लेक आरशासमोरून पळत आली. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली होती. दात घासताना तिला ती दिसली होती. तिला आम्ही सांगितलेलं होतं, तरी डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही पोटात गोळा आला, कारण तिचे पुढचे दात सुरेख जुळलेले होते.

ही फट म्हणजे टाळूचा सांधा उघडल्याची पावती आहे. हाडं दूर गेली, त्यांच्याबरोबर दातही गेले. स्क्रू जितका उघडतो त्याच्या साधारण निम्मी फट दिसते, म्हणजे सात मिलिमीटरच्या स्क्रूला तीनेक मिलिमीटर. नंतर दातांच्या मुळांमधले हिरडीचे तंतू, ताणलेल्या रबरासारखे, दोन्ही दातांना परत जवळ ओढतात. बहुतेक मुलांत ही फट काही आठवड्यांपासून काही महिन्यांत आपोआप पुष्कळशी मिटते. स्क्रू तेव्हा जागेवरच असतो, त्यामुळे हाडं परत जवळ येत नाहीत, फक्त दात येतात. आठ-नऊ दिवस होऊनही फट दिसली नाही, किंवा एकाच बाजूचे दात कलताना दिसले, तर डॉक्टरांना सांगा.

आमच्या डॉक्टरबाईंनी दोन आठवड्यांनी टाळूचा एक्स-रे काढला. त्यात पुढे रुंद आणि मागे निमुळता होत गेलेला काळा त्रिकोण दिसत होता. टाळू पुढे जास्त उघडते, मागे कमी, कारण मागच्या बाजूला गालाची आणि कवटीच्या तळाची हाडं तिला धरून ठेवतात. अँजेल यांना दाखवता न आलेली गोष्ट होती ती. लेकीनं तो एक्स-रे मोबाईलमध्ये ठेवून शाळेत सगळ्यांना दाखवला.

खाणं, धुणं आणि ळ

खाण्याचा नियम साधा आहे: जे चिकटतं, जे कडक आहे आणि जे स्क्रूत गुंततं ते काही महिने बंद. चिक्की, च्युइंगगम, टॉफी, फुटाणे, कडक भाकरी, उसाचं कांडं, बर्फ. शेवया आणि पालेभाजीचे देठ स्क्रूभोवती गुंडाळतात. पोहे स्क्रूच्या वरच्या जागेत जाऊन बसतात आणि तिथेच फुगतात. पोळी चालते, पण आमटीत किंवा दुधात कुस्करून. वरण-भात, मऊ खिचडी, उपमा, दहीभात, भाजलेल्या भोपळ्याची भाजी, उकडलेलं रताळं, हे सगळं चालतं. पेरू, सफरचंद बारीक चिरून. आमचे फेरे नेमके संक्रांतीत आले. तिळगुळाचा लाडू तिला देता येत नव्हता, म्हणून भाजलेले तीळ आणि साधा गूळ कुटून वाटीत दिला, चमच्यानं खाल्ला. ती आधी रुसली, मग शेजारच्या मुलांनी वाट्या मागितल्या.

प्रत्येक खाण्यानंतर कोमट मीठपाण्यानं चूळ भरायची. मग सिरिंजमध्ये पाणी भरून स्क्रूच्या वरच्या जागेत, टाळू आणि धातूच्या मध्ये, फवारा मारायचा, बेसिनवर वाकून. निघालेलं अन्न बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. बारीक ब्रश पट्ट्यांच्या कडेनं आणि स्क्रूखालून रोज रात्री एकदा फिरवा. रात्रीचं धुणं फेऱ्याच्या आधी करा. नाहीतर भोकात अन्न बसलेलं असतं आणि किल्ली पूर्ण शिरत नाही. तोंडाला वास यायला लागला तर स्वच्छता कमी पडते आहे असं समजा.

बोलण्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. शाळेत आपण यांना मूर्धन्य म्हणतो. नेमक्या त्याच वाटेत स्क्रू आहे. मराठी मुलाला ळ सगळ्यात जास्त छळतो. आमच्या घरी शाळेची शाला झाली, केळ्याचं केलं झालं. वर्गात कुणीतरी हसलं आणि ती दोन दिवस गप्प राहिली. मी बाईंना चिठ्ठी दिली: तोंडात यंत्र आहे, सहा महिने राहील, तिला मोठ्यानं वाचायला सांगा, पण चुका दुरुस्त करू नका. त्या बाईंनी ते फार समजुतीनं केलं. घरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन. आरशासमोर, हळू: बाळ, नळ, तळं, सकाळ, पाळणा, कावळा. जीभ पूर्वीसारखी वळत नाही, पण स्क्रूच्या किंचित पुढे लावून ती तोच आवाज काढायला शिकते. आमच्याकडे तीन आठवडे लागले. या काळात मुलाचं वाक्य मध्येच पुरं करू नका, कितीही वेळ लागला तरी.

थांबणं

कधी थांबायचं हे आईबाबांनी ठरवायचं नाही. दर आठवड्याला डॉक्टर बघतात. वरच्या दाढा खालच्यांवर नुसत्या नीट बसल्या की काम झालं असं नाही. थोडं जास्तच रुंद करून ठेवतात, वरच्या दाढेचं आतलं टोक खालच्या दाढेच्या बाहेरच्या टोकाला टेकेपर्यंत, कारण नंतर थोडं मागे येणार हे धरलेलं असतं. त्या दिवसांत चावणं विचित्र वाटतं, ते अपेक्षित आहे.

मग डॉक्टर स्क्रूचं भोक दात भरायच्या मसाल्यानं बंद करतात किंवा तारेनं बांधतात. किल्ली घरातून बाजूला काढा, मुलाच्या हाती लागू देऊ नका. आणि आता सर्वात लांब भाग, नुसतं थांबण्याचा. उघडलेल्या सांध्यात नवं हाड भरायला महिने लागतात. आमच्याकडे एक्सपांडर सहा महिने तोंडात राहिला. फेरे संपले म्हणून घरात सैलपणा येतो, चूळ विसरते, चिक्की परत येते, आणि मग मार्चमध्ये पट्टी निघते. आमची एकदा निघाली. लगेच पुन्हा चिकटवून घेतली म्हणून निभावलं. पट्टी निघाल्यावर "सोमवारी बघू" म्हणायचं नाही. हाड अजून भरलेलं नसतं, काही दिवसांतच जबडा आत यायला लागू शकतो.

काढायच्या दिवशी सिमेंट खरवडतात, थोडा दाब लागतो. टाळूवर धातूचा लालसर ठसा राहतो, चार-पाच दिवसांत जातो. त्याच दिवशी रुंदी टिकवून धरणाऱ्या प्लेटचं माप द्यायचा आग्रह धरा, म्हणजे रिकामं तोंड फार दिवस राहत नाही. ही प्लेट काढता-घालता येते आणि जेवताना सोडून दिवसभर घालायची असते, पुढे डॉक्टर सांगतील तसं फक्त रात्री. गरम पाण्यात धुवायची नाही, प्लास्टिक वाकतं. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आणि तिला तिचीच डबी हवी, त्यावर मुलाचं नाव आणि तुमचा फोन नंबर. आमची पहिली प्लेट मधल्या सुट्टीत कागदी रुमालात गुंडाळून डब्याच्या झाकणात ठेवली होती आणि रुमालाबरोबर कचऱ्यात गेली. दुसरी होईपर्यंत पाच दिवस गेले. डॉक्टरबाईंनी त्या पाच दिवसांत दोनदा बोलावून दाढा मापल्या. आता डबी दप्तराच्या पुढच्या खणात असते, आणि घरी आल्यावर जेवणाचा डबा धुवायला टाकण्याआधी लेक ती मला उघडून दाखवते.